चाकाचे दहा फेरे

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांनी शिकवलेली गोष्ट मी पुढे ज्या कामाला लावली, ते त्यांना आवडलं असेल असं मला वाटत नाही.

माझे वडील विहिरी खोदायचे. दहावीनंतर मीही पहार घेऊन त्यांच्याबरोबर जायचं हे घरात ठरलेलंच होतं. सर तीन संध्याकाळी आमच्या घरी येऊन बसले. वडील बोलायचे नाहीत, सरही फारसं बोलायचे नाहीत, आई चहा ठेवायची आणि सर तो पिऊन जायचे. चौथ्या संध्याकाळी वडील म्हणाले, "न्या पोराला. पण नापास झाला तर सरळ खड्ड्यात उतरवीन." मी नापास झालो नाही. बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजचं दार कुणी बाहेरूनही पाहिलं नव्हतं.

सर शिकवायचे कसे, ते एका उदाहरणावरून सांगतो. परीघ शिकवताना त्यांनी फळ्यावर वर्तुळ काढलं नाही. त्यांची सायकल वर्गात आणली, मागच्या टायरवर खडूने एक रेघ मारली आणि आम्हा सगळ्यांना मैदानावर नेलं. सायकल ढकलायची आणि रेघ जमिनीला टेकली की सगळ्यांनी ओरडून आकडा म्हणायचा. मग एका दोस्ताच्या लहान भावाची छोटी सायकल आणली. तिलाही तेवढेच फेरे दिले. ती निम्म्या वाटेतच थांबली. सर म्हणाले, "दोघींनी दहाच फेरे मारले. पण चाकाला रस्ता माहीत नसतो रे. त्याला फक्त आपले फेरे माहीत असतात."

सरांचा आणखी एक नियम होता. उत्तर बरोबर असलं आणि मधल्या पायऱ्या गाळल्या असल्या, तर ते निम्मेच गुण द्यायचे. "अर्ध्या पायऱ्यांचं बरोबर उत्तर हे मला फसवणुकीसारखं वाटतं," असं म्हणायचे. हे वाक्य मी वीस वर्षं विसरलो नव्हतो. तरीही.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं गेली होती. मी मीरा रोडच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होतो आणि भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहत होतो. माझे सासरे त्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, गिरगावातली खोली सोडून इकडे आलेले. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना ठाण्याला डायलिसिसला न्यावं लागायचं. माझी पाळी दुपारी तीनची असायची, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. कुणी लादलं नव्हतं, मीच घेतलं होतं. माझे वडील तोवर गेले होते आणि त्यांना मी कधीच कुठे गाडीतून नेलं नव्हतं.

गाडी सासऱ्यांची. डिझेलवर चालणारी, सात जणांची एसयूव्ही. त्यांना गुडघ्यांमुळे बुटक्या गाडीत वाकून बसता येत नसे, उंच गाडीत नीट बसता यायचं, म्हणून ती घेतली होती. खात्यातली सवय म्हणून ते गाडीत एक वही ठेवायचे. टाकी भरली की मीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी भरली की पुन्हा, आणि भागाकार करून ॲव्हरेज. वर्षभर ते लिटरला अकरा किलोमीटर येत होतं. कधी थोडं वर, कधी थोडं खाली, पण अकरा.

त्या वर्षी गुढीपाडव्याला माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ, बोरिवलीहून आले. इंजिनिअर माणूस, मोठ्या कंपनीत, पायात कधी चप्पल नाही, बूटच. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. गाडीचे टायर झिजले होते आणि ते बदलायचे हे ठरलेलंच होतं. मी मूळ मापाचेच टायर घ्यावेत असं म्हणत होतो, कारण फेऱ्या रोजच्या, रस्ता डांबरी आणि ॲव्हरेज महत्त्वाचं.

"जावईबापू," दादा म्हणाले, "एसयूव्हीला सायकलचे टायर लावायचेत का? रिक्षावाला पण हसेल."

"बाबांना हॉस्पिटललाच तर न्यायचंय, दादा."

"म्हणूनच. बाबा आयुष्यभर साध्यात राहिले. आता जरा ऐटीत जाऊ देत की!"

आणि ते स्वतः गाडी घेऊन गेले. संध्याकाळी परत आणली तेव्हा तिला चकचकीत अलॉय व्हील्स होती, आधीच्यापेक्षा मोठी, आणि त्यांवर रुंद, खोल नक्षीचे टायर. सगळी सोसायटी बघायला खाली उतरली. सासरे काठी टेकत गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "हे म्हणजे बारशाच्या पोराला मिशी लावल्यासारखं झालं." पण ते खूश होते. मुलाने दिलेली भेट होती ती.

मे महिन्यापासून वहीतला आकडा घसरायला लागला. साडेदहा, दहा, साडेनऊ, नऊ. सासऱ्यांनी एकदा विचारलं, "गाडीत काही दोष आहे का हो?" मी गॅरेजमध्ये दाखवून आलो. दोष नव्हता.

गणपतीत सगळे सासऱ्यांकडे जेवायला जमले होते. लहानमोठी चौदा माणसं. पान वाढून झालं होतं, मोदकांवर तूप घातलं जात होतं. सासऱ्यांनी सहज बोलल्यासारखा ॲव्हरेजचा विषय काढला. दादांनी वही मागवली, चार पानं उलटली आणि हसत हसत म्हणाले,

"डिझेल काही कापूर नाही उडून जायला. जावईबापू, तुमच्या गावाकडे ट्रॅक्टरला डिझेलच लागतं ना?"

दोघं-तिघं हसले. दादांच्या सासूबाई हसल्या, मग त्यांना अर्थ कळला आणि त्या पानात बघायला लागल्या. माझी बायको वाढत होती. ती तुपाची वाटी हातात धरून तशीच उभी राहिली.

"दादा, काय म्हणायचंय तुम्हाला?"

"अहो, गंमत हो. तुम्ही लगेच मनाला लावून घेता. शेतकरी माणसं हळवी असतात."

माझ्या वडिलांकडे ट्रॅक्टर नव्हता. शेतही नव्हतं. पहार होती. मी सासऱ्यांकडे बघितलं. ज्या माणसाला मी आठवड्यातून दोनदा पहाटे उठवून, धरून, जिना उतरवून नेत होतो, त्याने फक्त "नाही हो, असं काही नसेल" एवढं म्हणावं, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी वही मिटून पानाशेजारी ठेवली आणि मोदक फोडला.

पुढच्या मंगळवारी ठाण्याला पोचल्यावर, त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवल्यावर, त्यांनी माझ्यापुढे हात केला. "चावी राहू द्या माझ्याकडे." आणि चावी सदऱ्याच्या खिशात घालून ते मशीनवर गेले. चार तास. मी पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा राहिलो. मला कुणी कधी डिझेलचोर म्हटलं नाही. पण एखाद्याने खिशात चावी टाकली की शब्दाची गरज उरत नाही.

आणि त्यात भर म्हणजे, चावी त्यांच्या खिशात जायला लागल्यापासून ॲव्हरेज थोडं सुधारलं. नवाचं साडेनऊ झालं. दादांना फोनवर कळवलं गेलं. ते काय म्हणाले असतील ते बायकोच्या चेहऱ्यावर मला दिसलं. ते का सुधारलं हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. ते शेवटी येईलच.

त्या दिवसांत मी मनात दादांचा कितीदा तरी पाणउतारा केला. दाढी करताना, प्रयोगशाळेत नळ्या धुताना, बाटल्यांवर लेबलं लावताना. मी शांत माणूस आहे असं सगळे म्हणायचे. शांत माणूस सूड घेत नाही असं नाही. त्याला मोका मिळेपर्यंत तो शांत दिसतो, इतकंच.

मोका घोडबंदरच्या रस्त्यावर मिळाला. सासरे मशीनवरून उतरल्यावर मागच्या सीटवर झोपायचे. मी गाडी हळू चालवायचो. त्या शुक्रवारी रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाकडे माझं सहज लक्ष गेलं आणि तेव्हाच मीटरवरही. पुढचा दगड आला तेव्हा मीटरचा किलोमीटर अजून पुरा व्हायचा होता. मी मोजायला लागलो. दगडांप्रमाणे दहा किलोमीटर झाले, मीटरप्रमाणे साडेनवाच्या थोडं वर. मीटर बिघडला म्हणावं तर आधी वर्षभर तो दगडांशी जुळत होता, मला ठाऊक होतं.

पुढच्या वळणावर खाडी दिसली आणि मला सरांची सायकल दिसली. मोठी सायकल आणि छोटी सायकल. चाकाला रस्ता माहीत नसतो.

दादांनी मोठी चाकं लावली होती. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, पण मीटर फेरेच मोजतो आणि त्याला वाटतं चाक जुनंच आहे. म्हणजे गाडी जास्त चालत होती आणि मीटर कमी सांगत होता. वहीत किलोमीटर कमी पडत होते, डिझेल तेवढंच, म्हणून ॲव्हरेज पडत होतं. आणि याचा साक्षीदार गाडीच्याच पाठीवर टांगलेला होता. स्टेपनी! दादांनी चार चाकं बदलली होती. पाचवं, मागच्या दारावरच्या कव्हरातलं, जुन्या मापाचं तसंच होतं.

घरी आल्यावर मी बायकोची ब्लाउज शिवायची टेप घेऊन खाली गेलो. टेप अपुरी पडली, म्हणून खडूने खूण करत दोन टप्प्यांत चाकाभोवती धरली, मग स्टेपनीभोवती. बोटभर नव्हे, अर्ध्या वितीला थोडाच कमी फरक होता. मी टेप पुन्हा लावली. तेवढाच.

"माझ्या टेपला काय फासलंत?" बायकोने संध्याकाळी विचारलं. टेप काळी झाली होती.

मी तिला सांगितलं. सगळं. तिचा चेहरा खुलला. "मग जाऊन सांगा ना बाबांना! आत्ताच चला."

"दसऱ्याला सांगणार. खाली. गाडीची पूजा असते तेव्हा."

"सगळ्या सोसायटीसमोर?"

"चौदा जणांसमोर मला बोलले ते. त्याच्यावर व्याज नको?"

"अहो, दादा आहे तो माझा. त्याला वर बोलवून एकट्याला सांगा. तो मानेल."

"मी त्याचा कोण लागतो, ते गणपतीत त्याला आठवलं होतं?"

ती ओट्याकडे वळली आणि पुढचे नऊ दिवस तसेच गेले. जेवण वाढायची, डबा भरायची, बोलायची नाही. मला ते लागत होतं. पण मी बेत बदलला नाही. खरं सांगायचं तर त्या नऊ दिवसांत मला जेवण जास्त गोड लागलं.

दसऱ्याआधी मी टायरवाल्याकडे जाऊन आलो. घोडबंदरकडे वळण्याआधी त्याचं दुकान होतं. माणूस उत्तनजवळच्या तारोडी गावचा, साठीचा, गळ्यात क्रूस, आधी होडीच्या इंजिनांची कामं करायचा. त्याला सगळं आठवत होतं.

"मी बोललो व्हतो त्या साहेबाला," तो म्हणाला. "पाचवा पन बदल, न्हाय तर एक पाय लांब नि एक आखूड व्हईल. तो बोलला, मागं टांगलेला हाय, त्याला कोन बघतंय?"

"आणि डिझेल?"

"रुंद टायर हाय ना तो. रस्त्याला धरून ठेवतो. दिसतो झकास, पन खातो."

दसऱ्याला सकाळी सोसायटीच्या आवारात सगळी वाहनं धुऊन उभी होती. झेंडूचे हार, बॉनेटवर कुंकवाची स्वस्तिकं, चाकांखाली लिंबं. सासरे खुर्ची टाकून खाली बसले होते. दादा आपट्याची पानं घेऊन आले, नवा रेशमी झब्बा घालून. मला पानं देऊन म्हणाले, "सोन्यासारखे राहा, जावईबापू."

"दादा," मी म्हणालो, "आज शस्त्रांची पूजा. मला तुमच्या चाकांची पूजा करायचीय. जरा हात लावाल?"

माझा आवाज इतका गोड होता की बायकोने मान वर केली.

मी जॅक लावून एक अलॉय चाक काढून ठेवलं होतं. पाठीवरची स्टेपनीही काढली होती. दोन्ही चाकं गेटच्या उंबऱ्याला उभी केली. दोन्हींवर खडूने रेघ मारली. लोक जमले. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकी बाल्कनीतून म्हणाल्या, "भाई, आ शुं चाले छे?" खालून कुणीतरी म्हणालं, "कुछ नहीं काकी, रेस है."

"ही स्टेपनी मी ढकलतो," मी म्हणालो. "मोजा. रेघ जमिनीला लागली की एक."

सगळ्यांनी मोजलं. दहा फेऱ्यांनंतर मी थांबलो, जमिनीवर खडूने आडवी रेघ मारली.

"आता दादा, तुमचं चाक तुम्ही. माझ्या हातावर कुणाचा विश्वास नसतो."

दादा हसले, पण त्यांच्या हसण्यात उशीर होता. ते इंजिनिअर होते. मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं. पण सगळे बघत होते, नाही म्हणणं अवघड होतं. ते वाकले, चाक ढकलायला लागले. जड चाक, रेशमी झब्बा, टायरचा काळा पट्टा बाहीवर. "एक! दोन! तीन!" लोक गणपतीच्या आरतीसारखे ओरडत होते. नवव्या फेऱ्याला दादांचं चाक माझ्या रेघेच्या जवळ आलं. दहाव्याला रेघ मागे टाकून, एक लांब ढांग पुढे, पंपाच्या खोलीच्या दाराशी थांबलं.

"तेवढेच दहा फेरे," मी मोठ्याने म्हणालो. "मीटर फेरे मोजतो. मधला हा रस्ता गाडी रोज चालली, पण मीटरने तो कधी लिहिलाच नाही. बाबांच्या वहीतले किलोमीटर इथे पडलेत. माझ्या गावच्या ट्रॅक्टरमध्ये नाहीत."

कुणीतरी टाळी वाजवली. बाल्कनीतल्या काकी "अरे वाह!" म्हणाल्या.

दादा हात झटकत उभे राहिले. हळूच, फक्त मला आणि सासऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण एवढ्याने अकराचे नऊ होत नाहीत. हा फरक शंभराला चारचा आहे."

"उरलेलं तुमच्या रुंद टायरने खाल्लं," मी तितक्याच हळू म्हणालो आणि मग आवाज चढवला, "आता म्हणा, दादा."

"काय म्हणू?"

"गणपतीत जे म्हणालात ते परत घेतलं म्हणा."

त्यांनी बाहीवरचा काळा पट्टा बोटाने पुसून पाहिला. मग खाली बघून म्हणाले, "चुकलं माझं."

"वर काकींना ऐकू गेलं नाही."

हे बोलायची गरज नव्हती. मला ठाऊक होतं. त्यांच्या दोन्ही मुली तिथे उभ्या होत्या. बायको तोंड फिरवून जिन्याकडे गेली. दादांनी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलं माझं." त्यांचे कान लाल झाले होते. मी ते लाल कान डोळे भरून पाहिले. आजही आठवले की मला बरं वाटतं.

सासऱ्यांनी खुर्चीतून हात पुढे केला. हातात चावी होती. "चाकं बदलून आणू," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल ती."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं तारोडीच्या त्या टायरवाल्याकडे गेलो. मी ठरवूनच गेलो होतो. मूळ माप, साध्या लोखंडी रिम, अरुंद टायर, त्यावर आडवीतिडवी खोल नक्षी नको, सरळ पन्हळी हव्यात, कारण आमची गाडी चिखलात कधी जाणार नव्हती. सासऱ्यांना अलॉय हलकं असतं असं कुणीतरी सांगितलं होतं.

"त्याच मापाचा असेल तर हलका," टायरवाला म्हणाला. "हा तर मोठा हाय, नि टायर केवढा बघा. थांबा, दाखवतो."

त्याने आतून मासळी तोलायचा टांगता काटा आणला, उत्तनच्या बंदरावर वापरतात तसला. आढ्याच्या हुकाला लावून आधी अलॉय चाक टांगलं, मग लोखंडी. लोखंडी चार किलोंनी हलकं भरलं.

"चार चाकांचे सोळा," सासरे म्हणाले. "म्हणजे आपण रोज एक पोतं फुकट फिरवत होतो."

"सुरमई असती तर खाल्ली तरी असती," टायरवाला म्हणाला, आणि सासरे कितीतरी दिवसांनी हसले.

हवा किती ठेवायची, दर किती दिवसांनी बघायची, गाडी दोन महिने नीट चालवून मगच आकड्यावर विश्वास ठेवायचा, हे सगळं मी त्यांना समजावलं. चाकं बसल्यावर गाडी दिसायला साधी झाली. मिशी उतरवल्यासारखी. मी टायरवाल्याला विनंती केली, की ती चार अलॉय व्हील्स विकली जाईपर्यंत दुकानाच्या दर्शनी बाजूला ठेवावीत, म्हणजे बोरिवलीकडून येणाऱ्याला लांबून दिसतील. त्याने काही विचारलं नाही. ठेवली.

ऑक्टोबरच्या उन्हात मी ठाण्याच्या पार्किंगमध्ये काचा खाली करून बसायचो. चावी आता माझ्याच खिशात असायची. तरीही काचा खाली. शर्ट पाठीला चिकटायचा. दिवाळीनंतर टाकी भरली, सासऱ्यांनी भागाकार केला आणि वहीत लिहिलं, अकरा. मी त्या पानाची झेरॉक्स काढली आणि पाकिटात घालून दादांच्या पत्त्यावर पाठवली. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवली. तिसऱ्या महिन्यात पुन्हा. सहाव्या पाकिटावर पत्ता लिहायला मी पेन उघडलं तेव्हा बायको शेजारी येऊन उभी राहिली.

"आणखी किती?" तिने विचारलं.

मी पेनाला टोपण लावलं. पाकीट कोरंच राहिलं. दोन दिवसांनी मी त्यावर दुसरा पत्ता लिहिला आणि त्यात झेरॉक्सऐवजी हे पत्र घातलं.

"आदरणीय सर,

सा. न. वि. वि. तुमची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. तुमच्या सायकलचं गणित मला गेल्या दसऱ्याला उपयोगी पडलं, म्हणून लिहितो आहे.

मला चोर ठरवलं होतं. मी चाकाला खडूची रेघ मारून, दहा फेरे मोजून, सगळ्यांसमोर दाखवून दिलं की मी चोर नाही. माझ्या मेहुण्यांना सर्वांदेखत माफी मागायला लावली, एकदा नव्हे, दोनदा. तुमच्यामुळे मला हे जमलं. तुम्ही त्या चार संध्याकाळी आमच्याकडे आला नसतात तर मी मान खाली घालून निघून गेलो असतो. याबद्दल मी तुमचा जन्मभर ऋणी राहीन.

पण सर, मी पायऱ्या गाळल्या. चाकाच्या मापामुळे पडलेला फरक थोडा होता. रुंद आणि जड टायरमुळे आणखी थोडा. तरी काही उरत होतं आणि ते कुठे गेलं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गेल्या मे महिन्यात हॉस्पिटलचं कॅन्टीन दुरुस्तीसाठी बंद झालं. सासरे मशीनवर असताना मी गाडीत इंजिन चालू ठेवून, एसी लावून, अर्धा-पाऊण तास झोपायचो. पुढे कॅन्टीन उघडलं तरी सवय राहिली. चोरी नव्हती, पण डिझेल माझ्या झोपेत गेलं होतं. सासऱ्यांनी चावी काढून घेतली तेव्हा ॲव्हरेज सुधारलं ते म्हणूनच. म्हातारा माणूस सुया टोचून पडलेला असताना आपण गार हवेत झोपतो, हे सांगायची मला लाज वाटली. आणि नंतर माझा राग लाजेपेक्षा मोठा झाला.

मेहुण्यांनी त्या दिवशी हळू आवाजात बरोबर गणित मांडलं होतं. एवढ्याने अकराचे नऊ होत नाहीत, असं ते म्हणाले. मी त्यांना टायरचं नाव सांगून गप्प केलं. त्यांच्या वाट्याला जेवढं होतं त्यापेक्षा जास्त मी त्यांच्या अंगावर टाकलं. नवी चाकं लावल्यावर आकडा अकरावर यावा म्हणून मी उन्हात काचा खाली करून बसलो. तो आकडा माझ्या घामाचाही होता, हे कुणाला सांगितलं नाही.

मला पश्चात्ताप होतो असं लिहिलं तर खोटं होईल. त्यांनी माझ्या वडिलांचा ट्रॅक्टर काढला, सर. तुम्ही आमच्या घरी बसलेले आहात, तुम्हाला माहीत आहे आमच्या घरात काय होतं. ते लाल कान मला हवे होते आणि मला मिळाले. फक्त एक गोष्ट मी धरली नव्हती. दादा आता भाईंदरला येत नाहीत. बायको भाऊबीजेला एकटी बोरिवलीला गेली. मंगळवारी आणि शुक्रवारी काशीमिऱ्याच्या सिग्नलला गाडी थांबते. आम्हाला डावीकडे ठाण्याला वळायचं असतं आणि सासरे उजवीकडे, बोरिवलीच्या रस्त्याकडे बघत बसतात. सिग्नल हिरवा झाला तरी त्यांची मान वळत नाही.

तुमच्या नियमाप्रमाणे मला निम्मे गुण. ते मला मान्य आहेत. गाळलेल्या पायऱ्या दादांना सांगाव्यात का, हे मी अजून ठरवलेलं नाही. तुम्ही सांगा म्हणालात तर सांगेन, तुमच्यासाठी. माझ्या मनाने जाणं मला अजून जमत नाही.

काकूंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी"